श्वासावाटे दिली जाणारी भूल

संपूर्ण भूल म्हणजे केवळ झोप नव्हे. तीत जाणीव, वेदना व आठवण काही काळ थांबतात आणि गरजेनुसार स्नायूही सैल केले जातात. सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन ही द्रवरूप औषधे भूलयंत्रावरील व्हेपोरायझरमध्ये (सेव्होफ्लुरेनचा पिवळा, आयसोफ्लुरेनचा जांभळा) वाफ होऊन ऑक्सिजनसोबत फुप्फुसांत, तेथून रक्तावाटे मेंदूत पोहोचतात आणि पुरवठा थांबवल्यावर बहुतांशी श्वासावाटेच बाहेर पडतात. त्यांची ताकद 'मॅक'ने मोजतात: फुप्फुसांतील ज्या प्रमाणाला निम्मे रुग्ण शस्त्राची चीर देताना हालत नाहीत, ते प्रमाण सेव्होफ्लुरेनसाठी प्रौढांत सुमारे 2 टक्के असते.

क्लोरोफॉर्मने भूल देण्याच्या काळात ही अचूकता नव्हती; त्याने आधी हृदय थांबते की श्वास, हा वाद सोडवण्यासाठी, मराठवाडा ज्यात होता त्या निजामाच्या राज्यात, हैदराबादला 1888 व 1889 मध्ये आयोग नेमले गेले, आणि तेथेच भूलतज्ज्ञ म्हणून काम केलेल्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी यांचे नाव आज फारसे घेतले जात नाही, हे खटकणारे आहे.

आजच्या अचूक भुलेतही एक धोका उरतो. उदाहरणार्थ, पुणे-सोलापूर महामार्गावर यवतजवळ अपघात झालेला रुग्ण शस्त्रक्रियेसाठी अनेकदा भरल्या पोटी येतो. भुलेत खोकण्याची क्षमता मंदावल्याने पोटातील अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते, म्हणून त्याने शेवटचे काय व केव्हा खाल्ले, हे सोबतच्यांनी भूलतज्ज्ञाला नेमके सांगावे आणि वाटेत त्याला चहाही पाजू नये.