बालरुग्णाच्या छातीचे क्ष-किरण चित्र

जर्मन शास्त्रज्ञ राँटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला आणि जिवंत माणसाच्या शरीराच्या आत डोकावणे शक्य झाले. अत्यवस्थ बालकाच्या छातीचे चित्र काढले, म्हणजे आता दुखणे नक्की सापडेल, असे आप्तेष्टांना वाटते. परंतु हे चित्र म्हणजे अखेर एक छायाच होय. आणि छाया कधी कधी फसवते.

धडधाकट मनुष्य यंत्रासमोर ताठ उभा राहतो, दीर्घ श्वास घेऊन क्षणभर रोखून धरतो. किरण त्याच्या पाठीकडून छातीकडे जातात. अत्यवस्थ मूल मात्र उताणे निजलेले असते. यंत्रच त्याच्या खाटेपाशी न्यावे लागते. किरण समोरून येत असल्यामुळे हृदय आहे त्याहून मोठे दिसते. श्वास अपुरा असताना चित्र घेतले, तर निरोगी फुप्फुसही पांढुरके दिसून न्यूमोनियाचा भास होतो. अंग किंचित वळले, तरी दोन्ही बाजूंत फरक पडतो. तान्ह्या मुलाच्या छातीत थायमस नावाची ग्रंथी स्वभावतःच मोठी असते. तिची छाया अनभिज्ञाला विकार वाटते.

या चित्राचा मोठा उपयोग श्वसननळीच्या बाबतीत होतो. नवजात अर्भकाची श्वासनलिका अवघी ४ ते ५ सेंटिमीटर लांबीची असते. तीत घातलेली नळी थोडी अधिक खोल गेली, की ती बहुधा उजव्या फुप्फुसाच्या वाटेला लागते आणि डाव्या फुप्फुसास हवा मिळेनाशी होते. हनुवटी छातीकडे झुकली की नळी खाली सरकते, मान मागे गेली की वर येते. म्हणून चित्र घेताना मान कशी होती, हेही ध्यानात घ्यावे लागते.

मग असे चित्र रोज काढावे काय? एका चित्रातील किरणांची मात्रा अत्यल्प असते, हे खरे. तथापि वाढत्या शरीरावर किरणांचा परिणाम अधिक होतो, आणि प्रत्येक वेळी त्या नाजूक जिवाला हलवावे लागते. म्हणून केवळ परिपाठ म्हणून नव्हे, तर नवी नळी घातली, प्रकृती एकाएकी बिघडली, असा निश्चित प्रश्न उभा राहिला म्हणजे चित्र काढावे, हेच इष्ट.

उलट, फुप्फुसाभोवती हवा कोंडून मूल गुदमरू लागले, तर निष्णात डॉक्टर चित्राची वाट पाहत बसत नाही. प्रथम ती हवा बाहेर काढतो. चित्र हे डॉक्टरांच्या डोळ्यांना व कानांना साहाय्य करते. त्यांची जागा घेऊ शकत नाही.