सवंगड्यांचा दरबार

आईबापांची माया मुलाला जन्मासरशी मिळते. तिच्यासाठी त्याला अर्ज करावा लागत नाही की स्वतःची पात्रता सिद्ध करावी लागत नाही. परंतु पाच-सहा वर्षांचे होऊन ते अंगणात वा शाळेत समवयस्कांच्या मेळ्यापुढे उभे राहते, तेव्हा घरच्या कोणाचाही वशिला जेथे चालत नाही असा एक दरबार त्याला प्रथमच भेटतो, आणि तेथे आपला अर्ज मंजूर व्हावा म्हणून ते बोलण्याची ढब, कपड्यांची तऱ्हा, प्रसंगी आवडीनिवडीसुद्धा बदलून टाकते.

या दरबाराच्या कठोरपणावर आपल्याकडील मुलांनीच एक दयाळू तोडगा काढलेला आहे. लहान किंवा कच्च्या गड्याला ती लिंबूटिंबू म्हणून खेळात घेतात. तो पळतो, लपतो, ओरडतो सर्वांबरोबर, पण सापडला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. शिक्षणखात्याच्या कोणत्याही परिपत्रकाने ही व्यवस्था निर्माण केली नाही, आणि म्हणूनच ती टिकली असावी, असा माझा तर्क आहे. अर्थात लिंबूटिंबूपण हे शेवटी आश्रितपणच, आणि जरा मोठे झालेल्या मुलाला ते सलू लागते.

वर्गातील अशा नात्यांची पद्धतशीर मोजदाद जेकब मोरेनो या मनोवैद्याने अमेरिकेत केली व १९३४ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. शेजारी कोणी बसावे असे तुला वाटते, एवढेच मुलांना विचारून, कोणाला पुष्कळांनी निवडले आणि कोणाला एकानेही निवडले नाही, याचे त्याने नकाशेच काढले. पुढे १९८२ साली जॉन कोई व त्याच्या सहकाऱ्यांनी आवडत्यांबरोबर नावडत्यांचीही नावे विचारून, ज्याचे नाव कोणीच घेत नाही ते उपेक्षित मूल आणि ज्याचे नाव नापसंतीनेच घेतले जाते ते नाकारलेले मूल, हा भेद पक्का केला. आपण वडीलधारी माणसे चिंता वाहतो ती बहुधा पहिल्याची, कोपऱ्यात एकटे बसणाऱ्या मुखदुर्बळाची. वास्तविक नव्या मंडळींत गेल्यावर असे मूल पुष्कळदा खुलते. नाकारलेल्या मुलाचे दुर्दैव मात्र अधिक चिवट असते, कारण अनोळखी मुलांतही त्याची तीच गत थोड्याच दिवसांत होते. आणि ते बहुधा भांडखोर असल्यामुळे सहानुभूतीऐवजी आपल्याकडून त्याला छडी मिळते.

चालू खेळात शिरावे कसे, ही एक कलाच आहे. मार्था पुतालाझ आणि जॉन गॉटमन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत असे दिसले, की नावडती मुले येताच स्वतःविषयी सांगू लागतात, प्रश्न विचारतात, नियमांवर हरकत घेतात, म्हणजे खेळ थांबवून सर्वांचे लक्ष आपल्याकडे ओढतात. आवडती मुले मात्र काय चालले आहे ते पाहून त्याच प्रवाहात मिसळतात. नकार त्यांनाही मिळतोच. फरक इतकाच, की तो त्यांच्या मनात घर करीत नाही.

मग मोठ्यांनी करावे काय? ‘याला खेळायला घ्या’ हे फर्मान बहुधा वाया जाते, कारण त्याची अंमलबजावणी ज्यांनी करायची ती मुले साहेबाची पाठ वळताच फिर्यादीचा सूड उगवतात. १९७१ साली टेक्सास संस्थानातील ऑस्टिन शहरी गोरी, काळी व मेक्सिकन वंशाची मुले एका वर्गात आणल्यामुळे तंटे माजले असता इलियट ॲरन्सन याने निराळी युक्ती योजिली: धड्याचे तुकडे करून प्रत्येक मुलाला एकेक दिला, जेणेकरून ज्याची टिंगल करावी त्याच्याच तोंडून ऐकल्यावाचून धडा पुरा होऊ नये. गरज पडली तेव्हा मुले एकमेकांचे ऐकू लागली.

आपल्या शिक्षकांना एवढी मोठी योजना एकाएकी जमेल असे नाही. निदान कवायतीच्या तासाला दोन नायक उभे करून गडी निवडायला लावण्याची आणि शेवटी उरलेल्या मुलाची सर्वांसमक्ष शोभा करण्याची चाल तरी त्यांनी बंद करावी, आणि चिठ्ठ्या टाकून गट पाडावेत, ही विनंती आहे.