वारकऱ्यांना पाणी दिलं तर बावीस प्रतिज्ञा मोडतात का?

आषाढी वारीत देहूहून निघालेली तुकाराम महाराजांची पालखी दौंड तालुक्यात यवत आणि वरवंडला मुक्काम करते. यवतची पिठलं-भाकरी तर सगळ्या वारीत प्रसिद्ध आहे. त्या दिवसांत दौंड-शिरूरच्या वस्त्यांमधले तरुण आम्हा कार्यकर्त्यांना हमखास विचारतात, आपण पाणी वाटायला उभे राहिलो तर प्रतिज्ञा मोडत नाहीत का?

नाही मोडत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञा पुन्हा वाचा. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना मी देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही, असं आपण स्वतःबद्दल बोललो आहोत. शेजाऱ्याने काय मानावं हे त्यांत नाही. प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा मात्र आहे, आणि तहानलेला वारकरी तिच्यातून वगळलेला नाही.

याहून जुना दाखला मज्झिम निकायातल्या उपालि सुत्तात आहे. नालंद्याचा धनिक उपाली हा निगंठांचा, म्हणजे जैन साधूंचा उपासक. तो तथागतांशी वाद घालायला गेला आणि त्यांचाच उपासक झाला. तेव्हा तथागतांनी त्याला सांगितलं, तुझ्या घरून निगंठांना पूर्वीपासून भिक्षा मिळते, ती बंद करू नकोस. मत बदललं, पण दाराशी आलेल्याचं अन्न तुटलं नाही.

मात्र पाणी देणं वेगळं आणि आरतीला उभं राहणं वेगळं. रांजणगाव एमआयडीसीत दसऱ्याला मशीनची पूजा होते. हात जोडायचे नसतील तर शांतपणे बाजूला उभं राहावं. तिथेच खिल्ली उडवून स्टेटस ठेवण्यात कसली क्रांती? शाळेचं म्हणाल तर संविधानाच्या कलम २८(३) नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक उपासनेला बसवता येत नाही. मुख्याध्यापकांना साधा लेखी अर्ज द्या. यात्रेची वर्गणी दिली नाही म्हणून कुणी वस्तीचा किराणा किंवा शेतातलं काम बंद केलं, तर तो श्रद्धेचा विषय उरत नाही. अनुसूचित जातीच्या माणसावर सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणं हा अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि बौद्ध झालेल्यांनाही त्याचं संरक्षण आहे.

खरा अवघड भाग आपल्या घरातच आहे. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि आजीच्या पेटीत खंडोबाचा टाक, अशी घरं आम्ही कितीतरी पाहतो. नातवाने रात्रीतून टाक भीमेत टाकला तर आजी धम्म शिकत नाही, नातवापासून देव लपवायला शिकते. तिच्याशी बोला, एकदा नाही, दहा वेळा बोला. पण तापाने फणफणलेल्या पोराला दवाखान्याऐवजी भगताकडे नेत असतील तर तिथे गप्प बसू नका. 

आणि हाच नियम विहारालाही लागू व्हायला हवा. बाबासाहेब वाचलेला, पण मेणबत्ती लावायला नको म्हणणारा एखादा पोरगा वंदनेच्या वेळी मागे बसून राहतो. त्याला लगेच 'हा आपला नाही' म्हणणारे आपल्यातच आहेत. त्या पोराकडे विहाराच्या वाचनालयाची किल्ली द्यायला काय हरकत आहे?