डोळ्यामागची गळती

दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागतो, टाके पडतात, माणूस घरी येतो. काही दिवसांनी एक डोळा लाल होतो, पुढे येतो, एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात. डोळे आले असतील म्हणून थेंब घातले जातात, पण लाली हटत नाही. अशा वेळी एक प्रश्न विचारायलाच हवा: नाडीच्या ठोक्याबरोबर डोक्यात सूंऽऽ सूंऽऽ आवाज येतो का? कित्येकदा उत्तर ‘हो’ असतं. बंद पापणीवर स्टेथोस्कोप टेकवला, तर डॉक्टरांनाही तो ऐकू येऊ शकतो.

मेंदूला रक्त पुरवणारी कॅरोटिड धमनी डोळ्याच्या खोबणीमागे शिरांच्या एका पोकळीतून जाते. तिचं नाव कॅव्हर्नस सायनस. तिथे धमनीला चीर पडली, की जोराचं रक्त थेट शिरांमध्ये घुसतं आणि डोळ्यातून परतणारं रक्त तुंबतं. डोळा हलवणाऱ्या नसाही इथूनच जातात. उपचार लांबले तर दृष्टी जाऊ शकते; दाब मेंदूच्या शिरांकडे वळला तर रक्तस्रावाचं संकट.

पूर्वी मानेतली कॅरोटिडच बांधून टाकत. त्यात अर्धांगाची भीती, आणि गळती थांबेलच असंही नाही.

ही कोंडी फोडली मॉस्कोच्या बुर्देन्को इन्स्टिट्यूटमधल्या फ्योदोर सेर्बिनेन्को यांनी. बारीक नळीच्या टोकाला चिमुकला फुगा लावून त्यांनी तो रक्तप्रवाहातून चिरेपर्यंत नेला, तिथे फुगवला आणि सोडून दिला. चीर बुजली, धमनी वाहती राहिली! १९७४ मध्ये त्यांचा लेख अमेरिकी नियतकालिकात आला आणि कवटी न उघडता मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर इलाज करण्याची वाट रुंदावली.

पुढे इटालियन डॉक्टर ग्विदो गुल्येल्मी यांनी विजेच्या सौम्य प्रवाहाने सुटणारी प्लॅटिनमची कॉइल आणली. आज डॉक्टर सहसा जांघेतून नळी घालतात, एक्स-रेच्या पडद्यावर पाहत वर जातात, कधी धमनीच्या बाजूने, कधी शिरेच्या, आणि कॉइल किंवा घट्ट होणारं द्रव्य भरून गळती बंद करतात. यातही पक्षाघाताचा धोका उरतोच, त्यामुळे सराईत हात लागतो.

बारीक फांद्यांतून होणारी मंद गळती मात्र वेगळी. ती बहुधा उतारवयातल्या स्त्रियांत, अपघाताविना होते आणि काही वेळा आपोआप मिटते. तिथे लक्ष ठेवून थांबता येतं. जोराची गळती बंद झाली, की आवाज बहुतेकदा लगेच थांबतो. लाली नंतर ओसरते, दुहेरी दिसणं जायला मात्र कित्येकदा महिने लागतात.