महाबळेश्वरच्या मुक्कामातून घडलेला भयपट

मौजमजेसाठी जमलेले मित्र एकाच वास्तूत भयाच्या विळख्यात सापडतात, हे भयथरारपटाचे, म्हणजे भीती आणि रहस्य एकत्र गुंफणाऱ्या चित्रपटाचे, सूत्र मोजके कलाकार व एकच चित्रीकरणस्थळ यांमुळे अल्प खर्चात साधते. हिंदीत ही काटकसर रामसे कुटुंबाने मनापासून जोपासली. त्यांचा १९७० चा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला, तरी त्यातील मुखवटाधारी चोरीच्या प्रसंगाने प्रेक्षक थरारतात हे हेरून त्यांनी ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) महाबळेश्वरी मुक्काम ठोकून चित्रित केला. कुटुंबातीलच तुलसी व श्याम दिग्दर्शन, गंगू कॅमेरा, किरण ध्वनी सांभाळत, तर स्वयंपाकही घरच्याच स्त्रिया करीत. पुढे ‘पुराना मंदिर’ (१९८४) या त्यांच्या सर्वांत गाजलेल्या चित्रपटात शापित हवेलीत पोहोचतात ती तरुण मित्रमंडळीच.