औषध तेंच, रक्त निराळें

चोपड्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगा सुरू होतात. तेथील पावरा व भिल्ल वस्त्यांना हिंवतापाची ओळख पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. या तापाचा व्हायवॅक्स नांवाचा एक प्रकार आहे. त्याचे जंतु यकृतांत दडून बसतात आणि ताप कांहीं महिन्यांनीं पुन्हा उलटतो. त्यांचा नाश करण्यासाठीं प्रायमाक्विनची गोळी चौदा दिवस देतात. बहुतेकांस ती सोसते. एखाद्याची मात्र लघवी काळसर होते, डोळे पिवळे पडतात व अंगांतलें रक्त झपाट्यानें कमी होतें. असें कां व्हावें?

याचें उत्तर १९५६ सालीं शिकागो येथील संशोधकांनीं दिलें. तांबड्या रक्तपेशींत ग्लुटाथायोन नांवाचें द्रव्य असतें. औषधामुळें निर्माण होणाऱ्या विषारी पदार्थांना तें निरुपद्रवी करतें. हा पेशीचा पहारेकरी म्हणा. त्याला शिधा पुरविण्याचें काम ‘जी-सिक्स-पी-डी’ या विकराकडे, म्हणजे रासायनिक क्रिया घडविणाऱ्या द्रव्याकडे, असतें. कोठारच रितें असेल, तर पहारा ढिला पडतो आणि पेशी फुटतात.

ही उणीव जन्मजात असते. ती आईकडून मुलाकडे येते व पुरुषांत अधिक दिसते. भारतांत १९६३ सालीं मुंबईच्या पारशी समाजांत तिची नोंद झाली. तिच्या एका प्रकाराला तर आपल्या कल्याणचें नांव आहे. आदिवासी समाजांत बहुधा ‘ओरिसा’ हा प्रकार आढळतो. कोरियन लोकांत मात्र ही उणीव क्वचितच दिसते.

मग निसर्गानें हें वैगुण्य राखलें कां? कारण अशा रक्तांत घातक हिंवतापाचे जंतु नीट वाढत नाहींत, असें शास्त्रज्ञ मानतात. ज्या रक्तानें पूर्वजांना तारलें, तेंच आज औषधापुढें नाजूक ठरतें. यांत कोणाच्या कुळाला कमीपणा नाहीं.

तेव्हां एवढेंच ध्यानांत ठेवावें. प्रायमाक्विन सुरू करण्यापूर्वीं या रक्ततपासणीविषयीं डॉक्टरांस अवश्य विचारावें. उणीव आढळली, तरी उपाय खुंटत नाहीं. देखरेखीखालीं आठवड्यांतून एकदां, असे आठ आठवडे, औषध देतां येतें. गोळी चालू असतां लघवी काळी दिसली, तर पुढची गोळी न घेतां तत्काळ दवाखाना गांठावा. शेजाऱ्याला मानवलेली गोळी आपल्यालाही मानवेलच, असें धरून चालूं नये.