विषाणू-संहतीच्या मापनातील परिशुद्धता : मुखावाटे दिल्या जाणाऱ्या पोलिओ लसीच्या संदर्भात

प्रस्तावना :
मुखावाटे दिल्या जाणाऱ्या पोलिओ लसीत जिवंत, परंतु दुर्बल केलेले विषाणू असतात. ते पुरेशा संख्येने असतील तरच बालकास संरक्षण मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार द्विसंयुजी लसीच्या एका मात्रेत पहिल्या प्रकारची किमान १० लाख व तिसऱ्या प्रकारची सुमारे ६ लाख ३० हजार संसर्गक्षम एकके असावी लागतात. परळ येथील हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळासारख्या उत्पादक संस्थांना प्रत्येक गटाची ही चाचणी करावी लागते.

मापनाची पद्धत :
लसीचे क्रमाने दहापट विरलन करून प्रत्येक विरलन पेशी वाढविलेल्या काही खाचांत घालतात. सात दिवसांनी किती खाचांतील पेशी नष्ट झाल्या, ते मोजतात. ज्या विरलनात निम्म्या खाचा बाधित होतात, ते केर्बर यांच्या १९३१ च्या सूत्राने काढतात. उत्तर लॉग एककात मिळते.

त्रुटीचे स्वरूप :
एकाच विरलनात निम्म्या खाचा बाधित झाल्या, असे मानू. प्रत्येक विरलनास ४ खाचा असल्यास ९५ टक्के विश्वासमर्यादा सुमारे ±०.५७ लॉग, म्हणजे जवळजवळ पावणेचार पट येते. १० खाचा घेतल्यास ती ±०.३३ होते; तीन कुप्यांची सरासरी घेतल्यास ±०.१९ पर्यंत उतरते.

हा फरक केवळ गणिती नाही. लस ३७ अंश सेल्सिअस तापमानास ४८ तास ठेवल्यावर तिची घट ०.५ लॉगपेक्षा अधिक नसावी, असा निकष आहे. घट ही दोन मापनांची वजाबाकी असल्याने त्रुटी आणखी वाढते : ४ खाचांच्या चाचणीत ±०.८०, तर १० खाचा व तीन कुप्या घेतल्यास ±०.२७. पहिल्या चाचणीत उष्णतेने निकामी झालेली लसही उत्तीर्ण ठरू शकते.

उपाय :
खाचा व कुप्या वाढविल्याने यादृच्छिक त्रुटी घटते. पद्धतशीर त्रुटी मात्र तशीच राहते. त्यासाठी प्रत्येक विरलनास पिपेटचे टोक बदलणे, पेशींची संख्या व वय समान ठेवणे आणि ज्ञात संहतीचा संदर्भ-नमुना प्रत्येक वेळी सोबत तपासणे आवश्यक आहे. संदर्भ-नमुन्याचे मूल्य ठरलेल्या मर्यादेबाहेर गेल्यास संपूर्ण चाचणी रद्द करावी.

निष्कर्ष :
मापनाची त्रुटी ज्या घटीचा शोध घ्यावयाचा तिच्याहून लहान असली पाहिजे. ही अट पाळली नाही, तर शीतसाखळीत जपलेल्या लसीचा चाचणी-अहवाल निरर्थक ठरतो आणि त्याची किंमत बालकास मोजावी लागते.